काल्पनिक युद्धयंत्रे : बदलाची मुभा किती असावी?

परभणी - पारंपरिक तिफणीच्या फणांतील अंतर सुताराने दिंडाला भोके पाडली, त्याच वेळी कायमचे ठरते. पिकाच्या ओळींतील अंतर बदलायचे, तर दुसरे अवजार आणावे लागते. ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याच्या मागील तीन सांध्यांच्या जोडणीला आज नांगर, उद्या रोटाव्हेटर आणि मृगाच्या सरी बरसल्यावर पेरणीयंत्र जोडता येते. १९७२ पासून कृषी विद्यापीठाचे ठिकाण असलेल्या परभणीला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. यंत्र बांधीव असावे की बदलते, हाच प्रश्न युद्धखेळांच्या रचनाकारांसमोर गेली चाळीस वर्षे उभा आहे. तेथील यंत्रे काल्पनिक असली, तरी त्यांत गुंतलेला मुलांचा वेळ आणि पालकांचा पैसा खरा आहे.

टनांचा हिशेब
या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार 'बॅटलटेक' या अमेरिकी खेळात आढळतो. 'फासा' या शिकागोच्या कंपनीने १९८४ मध्ये तो 'बॅटलड्रॉइड्स' या नावाने आणला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव बदलले. पटावर खेळल्या जाणाऱ्या या खेळात माणसाने आत बसून चालवायची २० ते १०० टन वजनाची दोन पायांची युद्धयंत्रे असतात. खेळाडू स्वतःचे यंत्र रचू शकतो. मात्र त्याचे एकूण वजन आधी ठरवावे लागते. इंजिन, चिलखत, तोफा, दारूगोळा आणि उष्णता बाहेर टाकणारी साधने या सर्वांना त्याच वजनातून वाटा द्यावा लागतो. तोफा वाढवल्या की चिलखत घटते. वेग वाढवला की तोफा घटतात. सर्व शस्त्रे एकदम डागली, तर यंत्र तापून मंदावते आणि प्रसंगी रणांगणातच बंद पडते.

१९९० मध्ये या खेळात 'ऑम्निमेक' हा नवा प्रकार आला. त्याची शस्त्रे सुट्या कप्प्यांत बसवलेली असल्याने दोन लढायांच्या दरम्यान ती झटपट बदलता येतात. इंजिन, सांगाडा आणि चिलखत मात्र कायम राहते. ही रचना थेट ट्रॅक्टरच्या वळणाची आहे. अवजार बदलता येते, अश्वशक्ती बदलत नाही. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला वाटेल तेवढे जड अवजार जोडून काम होत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते.

मोकळीक वाढली, विविधता घटली
याच विश्वावर आधारित 'मेकवॉरियर' हे संगणकीय खेळ निघाले. १९९५ च्या दुसऱ्या भागात शस्त्रे बसवण्याची मोकळीक मोठी होती. परिणामी अनेक खेळाडू एकाच प्रकारचे प्रभावी शस्त्र यंत्रात ठासून भरू लागले आणि निरनिराळ्या यंत्रांतील फरक पुसट झाला. २००० साली आलेल्या चौथ्या भागात प्रत्येक यंत्रावरील जागा ठरवून देण्यात आल्या : येथे किरणशस्त्र, येथे तोफ, येथे क्षेपणास्त्र. त्यामुळे प्रत्येक यंत्राला त्याचा स्वभाव परत मिळाला.

'आर्मर्ड कोअर' या जपानी मालिकेने १९९७ पासून उलट मार्ग पत्करला. तेथे डोके, धड, हात, पाय, सर्व काही बदलता येते; बंधन असते ते वजनाचे आणि ऊर्जेचे. २०२३ च्या सहाव्या भागात विकत घेतलेला भाग त्याच किमतीला परत विकता येतो. खेळातलेच चलन आणि तेही न बुडणारे, त्यामुळे खेळाडू निर्धास्तपणे प्रयोग करतो. हरल्यावर शस्त्रे बदलून पाहणे हाच तेथील अभ्यास ठरतो.

बदलाच्या विरोधातील बाजू
बदलाला मर्यादा असावी, असे मानणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे हत्ती, घोडे, उंट सारखेच असतात. म्हणूनच विजय बुद्धीचा ठरतो. शिवाय समोरच्याला धोका दिसला पाहिजे. १९८७ पासून खेळल्या जाणाऱ्या 'वॉरहॅमर ४०,०००' या ब्रिटिश खेळात खेळाडू आपल्या सैन्याच्या प्रतिकृती स्वतः जोडतात व रंगवतात. यंत्राला जे शस्त्र लागू आहे, तेच प्रतिकृतीवर दिसावे, हा तेथील जुना संकेत आहे.

मात्र बदल मुळातच वर्ज्य आहे, असे बुद्धिबळही म्हणत नाही. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो. फरक इतकाच, की तो बदल पटावर कमावलेला असतो.

खिशातून मोजलेली किंमत
वादाचे खरे मूळ येथेच आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स'च्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात योद्ध्यांची आणि लढाऊ यानांची ताकद वाढवणारी पत्ती बंद पेट्यांतून मिळत असत. या पेट्या पैशानेही मिळवता येण्याची सोय होती आणि आत काय निघेल, ते नशिबावर होते. खेळाडूंच्या संतापामुळे १७ नोव्हेंबरच्या जागतिक प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीने ही विक्री थांबवली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतील अशा पेट्यांना बेकायदा जुगार ठरवले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मंजूर केला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखवणाऱ्या खेळांवर आहे. यंत्राचे भाग किंवा रंगरूप विकण्याचा प्रश्न त्याहून निराळा असून, तेथे घरातील जाणतेपणच अधिक उपयोगी पडते. केवळ रंग विकत मिळत असेल, तर तो हौसेचा खर्च आहे. ताकद विकत मिळत असेल, तर हरणाऱ्या मुलाला प्रत्येक पराभव पुन्हा पैसे मागायला लावतो.

म्हणून युद्धयंत्र बदलणे सोपे असावे की अवघड, एवढ्यावर निकाल देता येत नाही. बदल खुशाल सोपा असावा. पण त्याची किंमत वजनात, उष्णतेत, वेळेत किंवा गमावलेल्या चिलखतात, म्हणजे खेळाच्या आतच मोजावी लागावी. ती खिशातून मोजावी लागली, की लढाई सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.