शब्दवेध : डेल्टिऑलॉजी

पोस्टकार्डे जमवण्याला इंग्रजीत ‘डेल्टिऑलॉजी’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रँडल ऱ्होड्स यांनी १९४०च्या दशकात घडवला. ग्रीक भाषेत ‘डेल्टॉस’ म्हणजे लिहिण्याची पाटी, ‘डेल्टिऑन’ ही तिची लहान आवृत्ती. ‘लॉजी’ म्हणजे अभ्यास. तिकीटसंग्रहासाठी जॉर्ज एर्पँ या फ्रेंच संग्राहकाने १८६४मध्ये सुचवलेल्या ‘फिलाटेली’ शब्दाच्या मुळाशी ‘आवड’ आहे. कार्डांच्या वाट्याला मात्र थेट ‘अभ्यास’ आला, आणि तो योग्यच आहे.

छापील चित्रे गोळा करण्यात कसला आलाय अभ्यास, असे कुणी म्हणेल. त्याने कार्ड उलटून पाहावे. ब्रिटनमध्ये १९०२पर्यंत चित्रकार्डाची पाठ केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहावा लागे. त्या वर्षी पाठीचे दोन भाग करायला परवानगी मिळाली. त्यामुळे पाठीवरची एक उभी रेघसुद्धा कार्डाचा काळ सांगते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्र विकण्यासाठी सजवलेले असते, त्यावर भरवसा कसा ठेवायचा? चित्रकार म. वि. धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी रेखाटलेली मुंबईची माणसेही गिऱ्हाइकाच्या नजरेसाठीच होती, हे खरे. पण ती नजर हाच तर अभ्यासाचा विषय आहे; आणि कार्ड कुणी, कुठून, कुणाला, काय लिहून धाडले, याची साक्ष शिक्का व हस्ताक्षर देतात. म्हणून घरात जुनी कार्डे असतील तर त्यांची तिकिटे सोलू नका आणि पाठ चिकटवून टाकू नका.