गायीमागे वासरू, ग्रंथामागे प्रत

ग्रंथ कोणाचा आणि त्याची प्रत कोणाची, हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो मठांच्या भिंतींआड, शाई आणि चर्मपत्र यांच्या सान्निध्यात फार पूर्वीच पेटलेला दिसतो. आयर्लंडच्या संत कोलंबाची कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. सहाव्या शतकातील या संन्याशाने आपले गुरू फिनियन यांच्याजवळच्या स्तोत्रसंहितेची रात्री जागून गुपचूप नक्कल केली. फिनियन यांना हे कळताच त्यांनी ती नक्कल मागितली आणि कोलंबाने ती देण्यास नकार दिला. प्रकरण डर्मट राजापुढे गेले. राजाने गोधनाच्या रूढ न्यायाचा आधार घेतला : ज्याची गाय त्याचे वासरू, तद्वत ज्याचा मूळ ग्रंथ त्याचीच प्रत. कोलंबाला हा निवाडा मानवला नाही. इसवी सन ५६१ च्या सुमारास झालेल्या कूल ड्रेव्हनीच्या लढाईमागे हेही एक कारण होते, असे परंपरा सांगते. पुढे ५६३ मध्ये कोलंबाने मायभूमी सोडली आणि आयोना बेटावर मठ स्थापन केला.

ही कथा तपशिलाने सांगणारे चरित्र सोळाव्या शतकातले, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेले आहे. म्हणून तिला इतिहास म्हणताना सावधगिरी हवी. परंतु कोलंबाच्या हातची म्हणून परंपरेने मानलेली स्तोत्रसंहितेची प्राचीन पोथी डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आजही जपून ठेवलेली आहे; आणि कथेतला पेच तर मुळीच जुना झालेला नाही. वासरू नेले तर गायीच्या धन्याचा गोठा रिकामा होतो. नक्कल केल्याने मूळ ग्रंथातले एक अक्षरही कमी होत नाही. मग फिनियन यांचे नेमके काय गेले? आणि काहीच गेले नसेल, तर ज्याने ग्रंथ मिळवला, जपला, त्याच्या श्रमाचे मोल काय? या दोन प्रश्नांच्या मधोमध प्रताधिकाराचा, म्हणजे ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो त्याचा, सारा इतिहास उभा आहे.

१४५५ च्या सुमारास माइन्झ शहरात गुटेनबर्गचे बायबल छापून तयार झाले आणि नक्कल करण्याचे काम लेखनिकाच्या बोटांतून यंत्राकडे गेले. १४६९ मध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी योहान नावाच्या एका जर्मन मुद्रकास तेथे छपाई करण्याचा पाच वर्षांचा एकाधिकार दिला. येथे संरक्षण मिळाले ते मुद्रकाला; लेखकाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. इंग्लंडमध्ये १५५७ साली, कॅथलिक राणी मेरी हिच्या कारकिर्दीत, लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघास राजसनद मिळाली. त्यांनी छपाईचा व्यवसाय आपल्या हाती ठेवावा आणि त्याच्या मोबदल्यात राजसत्तेला नको असलेली पुस्तके बाहेर पडू देऊ नयेत, असा तो व्यवहार होता. रोममध्ये १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची पहिली रोमन सूची प्रसिद्ध झाली. ही सूची पुढे चार शतके चालू राहिली आणि १९६६ मध्ये तिचा अंमल संपला. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्याचे कारण नाही. छापणाऱ्यावर लक्ष ठेवता ठेवता सत्ता, मग ती राजाची असो वा धर्माची, वाचणाऱ्यावरही लक्ष ठेवू लागते, हा धडा त्यातूनच मिळतो.

लेखकाचा हक्क कायद्याने प्रथम मान्य झाला तो १७१० मध्ये, इंग्लंडच्या ॲन राणीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने. नव्या पुस्तकाचा हक्क लेखकाला चौदा वर्षे आणि त्यानंतर तो हयात असल्यास आणखी चौदा वर्षे, अशी मर्यादा त्यात घातली होती. मुदत संपताच पुस्तक सर्वांचे व्हावे, हे त्यातील तत्त्व होते. ग्रंथविक्रेत्यांनी हक्क कायमचा असल्याचा दावा लावून धरला. १७७४ साली लॉर्ड्स सभागृहाने तो फेटाळला. अर्थात कष्टकऱ्याला त्याची मजुरी मिळावी आणि त्यानंतर विहीर गावाला खुली व्हावी, असा हा समतोल होता. १८८६ च्या बर्न करारामुळे लेखकाच्या हक्काला अनेक देशांत मान्यता मिळाली. मात्र मुदत वाढतच गेली आणि विहिरीला टाळे अधिकाधिक काळ राहू लागले.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा आद्य ग्रंथ या इतिहासाकडे वेगळ्याच बाजूने पाहावयास लावतो. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. १५७९ मध्ये गोव्यास पोहोचलेले इंग्लिश येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ मध्ये तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढले. अशा काळातून हा ग्रंथ तरला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या ग्रंथसंग्रहात सापडले, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. ज्या अनामिक हातांनी त्या ओव्या उतरवल्या, त्यांना कोणी परवाना दिला होता? त्यांनी नक्कल केली नसती तर मराठीच्या थोरवीचे गोडवे गाणारी फादर स्टीफन्स यांची वाणी आपल्या कानी पडलीच नसती. नकलेला सरसकट चोरी म्हणणाऱ्यांनी या अज्ञात लेखनिकांचे स्मरण ठेवावे.

आपल्या देशात कंपनी सरकारच्या काळात १८४७ चा आणि पुढे १९१४ चा कायदा झाला. स्वतंत्र भारताचा प्रताधिकार कायदा १९५७ चा. त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले असल्याने १९९१ अखेर त्यांचे साहित्य मुक्त होणार होते; ते होऊ नये म्हणून मुदत साठ वर्षे करण्यात आली. एका कवीसाठी झालेला हा बदल साऱ्याच लेखकांना लागू झाला. याच कायद्याचे कलम ५२ मात्र प्रत्येक गायनवृंदाने वाचावे असे आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे वा वाजवणे हा प्रताधिकाराचा भंग ठरत नाही, असे ते म्हणते. विवाहाशी निगडित समारंभांनाही ही सवलत आहे. परंतु मिस्सात गीत गाणे वेगळे आणि तेच गीत कवीला न विचारता, त्याचे नाव गाळून पुस्तिकेत छापून विकणे वेगळे. पहिल्याला कायद्याची मुभा आहे, दुसऱ्याला नाही. अध्ययनासाठी केलेल्या नकलांविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली महत्त्वाचा निर्णय दिला. तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला होता. अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कायद्यात वाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि अंधांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती काढू देणारा २०१३ चा माराकेश करार पक्का करणारा पहिला देश भारत ठरला, याचा आपणांस अभिमान वाटावा.

यानंतर इंटरनेट आले. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी आपली वर्ल्ड वाइड वेबची प्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. १५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात सामान्य ग्राहकास इंटरनेटची जोडणी मिळू लागली. आता नक्कल करण्यास ना शाई लागत होती, ना रात्रीचे जागरण. अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरवर लक्षावधी लोक एकमेकांची गाणी उतरवून घेऊ लागले. गायक, वादक, निर्माते यांचे नुकसान खरे होते. न्यायालयाच्या आदेशापुढे २००१ मध्ये ती सेवा बंद पडली. तत्पूर्वी १९९८ मध्ये अमेरिकेने डिजिटल कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरवणारा कायदा केला होता. भारतानेही २०१२ च्या दुरुस्तीने तशी तरतूद, काहीशा सौम्य रूपात, स्वीकारली.

कुलुपाची ही गोष्ट येथेच थांबली असती तर बरे झाले असते. २००५ साली उघडकीस आले की, सोनी बीएमजी कंपनीच्या काही संगीत-तबकड्या संगणकात घालताच एक छुपी प्रणाली आपोआप आत शिरत होती. नक्कल रोखणे हा तिचा हेतू. पण ती मालकाच्या नकळत लपून राहत होती आणि तिच्या आडोशाने अन्य घातक प्रणालींनाही वाट मिळत होती. प्रचंड टीकेनंतर कंपनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून दुरूनच पुसून टाकल्या, कारण त्या आवृत्त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत केले गेले, कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. पण कपाटातले विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून कोणी घेऊन जावे, ही गोष्ट फिनियन यांच्याही कल्पनेत आली नसती. त्या दोहोंतील एक कादंबरी नागरिकांवर अहोरात्र पाळत ठेवणाऱ्या राज्यसत्तेविषयीच होती.

येथे प्रताधिकाराचा प्रश्न खाजगीपणाच्या प्रश्नाला येऊन मिळतो. कोण काय वाचतो, कोणते गीत कितीदा ऐकतो, हे पाहिल्याशिवाय कोणी काय उतरवले हे कळत नाही. म्हणजे नक्कल शंभर टक्के रोखावयाची तर वाचकाच्या खोलीत पहारेकरी बसवावा लागतो. कागदी पुस्तकाला आपला वाचक ठाऊक नव्हता. पडद्यावरच्या पुस्तकाला तो ठाऊक असतो.

माणसाच्या अंतरंगाभोवती कुंपण असावे, ही जाणीव आपल्या श्रद्धापरंपरेला नवी नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्यास सांगितले आणि त्याच आदेशात धर्मगुरूच्या ओठांवर मोहोर घातली. ती मोडणाऱ्यास पदच्युत करून मठात आजन्म प्रायश्चित्त करावयास लावावे, असे तेथे नमूद आहे. १३९३ साली प्राग येथे नदीत बुडवून मारले गेलेले संत जॉन नेपोमुक हे या मोहोरेचे हुतात्मे म्हणून परंपरेने पूजिले जातात. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम २२० कोणाच्याही खाजगीपणाचा भंग करण्यास मनाई करते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुधारलेल्या दंडविधानात पापनिवेदनाचे यंत्राद्वारे ध्वनिमुद्रण करणे हाही गुन्हा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्याने आवश्यक मानली.

या साऱ्याचा आपल्या धर्मग्रामाशी संबंध काय, असे कोणी विचारील. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये विवाहांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हापासून धर्मग्राम हा कुटुंबांच्या माहितीचा विश्वस्त आहे. तिजोरीतली ती वही मागेल त्याला मिळत नाही. मग कुटुंबांची नावे, दूरध्वनी क्रमांक, आजारी माणसांची यादी, प्रथम कम्युनियनच्या मुलांची छायाचित्रे मात्र मोबाइलवरून हातोहात पसरत असतील, तर त्या तिजोरीला अर्थ काय उरला? तीच गोष्ट आपल्या गीतांची. आपल्या कवींनी, संगीतकारांनी बहुधा मानधनाविना जी भक्तिगीते रचली, त्यांवर त्यांचे नाव तरी असावे, ही मागणी मोठी नाही. कामकऱ्याला त्याचे वेतन मिळाले पाहिजे, हे १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने सांगितले. लेखणी चालवणाराही कामकरीच आहे. दुसरीकडे, लग्नघरी आपल्या आज्या-पणज्यांनी गायिलेल्या गाण्यांना कर्ता नाही. उद्या कोणी ती ध्वनिमुद्रित केली तर त्या मुद्रणावर त्याचा हक्क राहील, गाण्यावर नाही. ती गाणी आपणच उतरवून, नकलून, वाटून ठेवली पाहिजेत. नाहीतर ‘ख्रिस्तपुराणा’च्या छापील प्रतींची जी गत झाली तीच त्यांची होईल, आणि त्यांना वाचवणारे लेखनिकही नसतील.

तेव्हा आम्हांस असे वाटते की, फिनियन आणि कोलंबा या दोघांपैकी एकाचीच बाजू घेण्याचे कारण नाही. निर्मात्याचे नाव आणि त्याचा मोबदला राखावा, हे फिनियन यांचे म्हणणे. चांगला शब्द कपाटात बंद राहू नये, हे कोलंबाचे. आणि या दोहोंच्या वादात वाचणाऱ्याच्या खोलीचे दार कोणीही परस्पर उघडू नये, एवढी तिसरी गोष्ट आपल्या काळाने त्यात घालावी. डर्मट राजाच्या निवाड्यात तिचा उल्लेख नव्हता, कारण त्या काळी तशी गरजच कोणाला भासली नव्हती.