फॉरमॅट मारण्यापूर्वी

मागच्या शनिवारी कोल्हारला घरी गेलो होतो. अण्णांचा २०१० सालचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत प्रवरेच्या पुलावर चक्कर मारून येता यायचं. रॅम फक्त २ जीबी. म्हटलं, चला, यंदाचा वीकेंड याच्या नावाने!

आता थोडा इतिहास. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा तिची किमान मागणी होती ६४ एमबी रॅम. २००९ च्या विंडोज ७ ची १ जीबी आणि २०२१ च्या विंडोज ११ ची ४ जीबी. म्हणजे वीस वर्षांत बरोब्बर ६४ पट! विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. मग ४ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या, डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतला, फॉरमॅट मारला आणि लिनक्स मिंट टाकलं. मशीन पळायला लागलं. मी खूश.

अण्णांनी पहिली फाईल उघडली ती आजोबांच्या आठवणींची. आजोबांनी सांगितलेलं, अण्णांनी टाइप केलेलं. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. अण्णा काहीच बोलले नाहीत. आजोबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

झालं होतं असं, की जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाईलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे, तिथे 'क' चा नंबर जगभर २३२५. पण एक्सपीवर त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक टिकमार्क करावा लागायचा, वर सीडीही लागायची. कोण करणार? डीटीपीवाले जुन्याच फॉन्टवर राहिले, आणि अण्णा टाइपिंग शिकले ते अशाच एका प्रेसमध्ये.

मी डॉक्युमेंट्स उचलली होती, फॉन्ट्सचं फोल्डर सी ड्राइव्हबरोबर पुसून टाकलं होतं. (आणि म्हणे इंजिनिअर!)

रविवारी गावातल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांच्या कपाटात तो फॉन्ट सीडीवर सापडला. कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये आणलं. जोडाक्षरं बिघडली होती, ती अण्णा आणि मी रात्री एक वाजेपर्यंत दुरुस्त करत बसलो. निम्म्या आठवणी मी पहिल्यांदाच वाचल्या.

तेव्हा मंडळी, घरचा जुना लॅपटॉप फॉरमॅट करणार असाल तर आधी फॉन्ट्सचं फोल्डर कॉपी करा.