पवनचक्की, सागरी
समुद्रात पाया घालून किंवा तरंगत्या तळावर उभारलेले वीजनिर्मितीचे पवनयंत्र. वऱ्हाडातल्या वाचकाला चिखलदऱ्याजवळच्या मोथा इथला महाऊर्जाचा पवनप्रकल्प माहीत असतो. तिथे यंत्राला निदान पायाखाली सातपुड्याचा खडक आहे. समुद्रात तोही आधार नाही.

उथळ पाण्यात पोलादाचा एकच जाड खांब तळात ठोकतात. खोली वाढली की चौपायी सांगाडा लागतो आणि त्याहून खोल पाण्यात नांगरलेला तरंगता तळ. स्कॉटलंडजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला हायविंड हा असा पहिला प्रकल्प. त्यात ६ मेगावॅटची पाच यंत्रे आहेत.

वादळापेक्षा चिवट शत्रू म्हणजे गंज. लाटा जिथे आदळतात तो पट्टा कधी ओला, कधी कोरडा राहतो आणि पोलाद सर्वांत लवकर तिथेच खाल्ले जाते. म्हणून तिथे रंगाचे जाड थर देतात. पाण्याखाली ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ठोकळे बसवतात. ते स्वतः झिजतात आणि खांब वाचवतात. खांबाचा खालचा भाग पिवळा ठेवतात, तो जहाजांना दिसावा म्हणून.

वारा साधारण सेकंदाला २५ मीटरवर गेला की पाती आपोआप कड फिरवून वाऱ्याची पकड सोडतात आणि चक्र थांबते. वीज कोसळली तरी ती पात्यातल्या वाहक तारेतून खाली उतरते.

डेन्मार्कच्या व्हिंडेबी इथे १९९१ मध्ये जगातला पहिला सागरी प्रकल्प उभा राहिला. भारताचे धोरण २०१५ चे आहे. २०२४ मध्ये केंद्राने गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्याजवळ प्रत्येकी ५०० मेगावॅटसाठी अर्थसाह्य मंजूर केले.