उत्क्रांती, मानवी जीवाश्म आणि आपली श्रद्धा : नेहमीच्या आक्षेपांना उत्तरे

महाराष्ट्र राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ या पाठ्यपुस्तकातील पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील आश्रमशाळांत शिकणारी आपली मुले हा पाठ वर्गात शिकतात. तीच मुले एखाद्या प्रार्थनासभेत किंवा मोबाईलवरील चित्रफितीत 'उत्क्रांती मानणारा बायबल नाकारतो' असेही ऐकतात. मग शाळा खरी की श्रद्धा खरी, असा पेच त्यांच्यापुढे उभा राहतो. काही मुले विज्ञानाकडे पाठ फिरवतात, तर काही पुढे कॉलेजात गेल्यावर श्रद्धेकडे पाठ फिरवतात. दोन्हीकडे नुकसान मुलांचेच होते, आणि तेही विनाकारण. म्हणून धर्मशिक्षण देणारे शिक्षक, पालक आणि तरुण यांच्या उपयोगासाठी वारंवार ऐकू येणारे आक्षेप व त्यांची उत्तरे आम्ही येथे एकत्र देत आहोत.

ख्रिस्तसभेची शिकवण

संत अगस्तीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर विस्तृत भाष्य लिहिले. सृष्टीविषयी ज्यांना चांगली माहिती आहे अशा लोकांसमोर ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाने चुकीची विधाने करू नयेत, कारण त्यामुळे शास्त्राचेच हसे होते, असा इशारा त्यांनी त्यात दिला आहे. परमगुरू पायस बारावे यांनी १२ ऑगस्ट १९५० रोजी प्रसिद्ध केलेल्या 'हुमानी जेनेरिस' या विश्वपत्रात मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधन व चर्चा करण्यास मोकळीक दिली. मात्र प्रत्येक आत्मा परमेश्वर स्वतः निर्माण करतो, हे सत्य त्यांनी ठामपणे सांगितले. परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी परमगुरूंच्या विज्ञान अकादमीला पाठवलेल्या संदेशात उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ एक तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१४ साली त्याच अकादमीसमोर उत्क्रांती आणि निर्मिती यांत विरोध नसल्याचे सांगितले.

थोडक्यात, जग कोणी व कशासाठी निर्माण केले हे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. ते कोणत्या टप्प्यांनी घडत गेले याचा शोध विज्ञान घेते.

आक्षेप १ : 'पृथ्वी फक्त सहा हजार वर्षांची आहे'

हा आकडा बायबलमध्ये कोठेही दिलेला नाही. आयर्लंडमधील अँग्लिकन आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात वंशावळींच्या वर्षांची बेरीज करून इ. स. पू. ४००४ हे निर्मितीचे वर्ष काढले. ती कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण नाही.

या प्रश्नाचे उत्तर जव्हार-मोखाड्यात आपल्या पायाखालीच आहे. येथील काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा होय. दख्खनच्या पठारावर एकामागून एक पसरलेल्या लाव्हाच्या या थरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. सह्याद्रीच्या कड्यांत व घाटरस्त्यांच्या कापांत हे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मधे लाल मातीचा पट्टा आढळतो. खालचा लाव्हा थंड झाला, ऊनपावसाने झिजला, त्याची माती झाली आणि त्यानंतर पुढचा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ आहे. मुंबईत वरळी येथे लाव्हाच्या थरांमधील गाळाच्या खडकात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये तळी साचण्यास आणि त्यांत जीव वाढण्यास पुरेसा अवधी मिळाला, याची ही साक्ष आहे. नागपूर परिसरातील अशाच थरांतील जीवाश्म एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने जमवले. पृथ्वीचे एकूण वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते.

आक्षेप २ : 'कार्बन पद्धत चुकते, म्हणून सगळी वयेच खोटी'

कार्बन १४ चे प्रमाण ५,७३० वर्षांत निम्मे होते. त्यामुळे सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत उपयोगी पडत नाही, आणि शास्त्रज्ञ तेथे ती वापरतही नाहीत. प्राचीन मानवी जीवाश्मांसाठी त्यांच्या वरच्या व खालच्या ज्वालामुखीच्या राखेचे वय काढतात. या राखेतील पोटॅशियमचे एक किरणोत्सारी रूप अतिशय संथपणे आरगॉन वायूत बदलते. ते निम्मे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. सोनाराच्या तराजूत भाताचे पोते मावत नाही, म्हणून जगातले सगळे तराजू खोटे ठरत नाहीत.

आक्षेप ३ : 'माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले?'

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी याच आशयाचे विधान केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, तेव्हा डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून पाठ्यपुस्तकांत बदल करावा, असे ते म्हणाले. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे फेटाळले. हा आक्षेप कोणत्याही एका धर्माच्या लोकांपुरता मर्यादित नाही, हेही यावरून कळते.

मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला असे विज्ञान म्हणतच नाही. माणूस व चिंपांझी यांचे पूर्वज फार प्राचीन काळी एक होते, एवढेच त्याचे म्हणणे आहे. चुलत भाऊ एका आजोबांचे नातू असतात, एकमेकांचे वंशज नसतात. 'मग माकडे अजून का आहेत?' या प्रश्नाचेही हेच उत्तर. घडलेली गोष्ट डोळ्यांनी पाहिली नसली तरी खुणांवरून कळते. चिंपांझीच्या पेशीत २४ जोड्या गुणसूत्रे असतात, तर माणसाच्या पेशीत २३. आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून तयार झालेले आहे, आणि त्या सांध्याची खूण त्यावर आजही आहे.

आक्षेप ४ : 'मधले दुवे सापडलेच नाहीत'

१९७४ साली इथियोपियात 'ल्युसी'चा सांगाडा मिळाला. त्याचे वय सुमारे ३२ लाख वर्षे. मेंदू लहान, पण कंबर व गुडघे दोन पायांवर चालणाऱ्याचे. १९७८ साली टांझानियात लाएटोली येथे त्याहूनही जुन्या, दोन पायांवर चालणाऱ्यांच्या पाऊलखुणा राखेत उमटलेल्या आढळल्या. १९८४ साली केनियात तुर्काना सरोवराजवळ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. त्याची शरीराची ठेवण आपल्यासारखी, पण मेंदू आपल्याहून बराच लहान.

भारतातही असा पुरावा आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात नर्मदेकाठी हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. काही तज्ज्ञ तिला होमो इरेक्टसची म्हणतात, तर काही होमो सेपियन्सच्या आरंभीच्या रूपाची. 'तज्ज्ञांतच एकमत नाही' असा बोभाटा यावरून केला जातो. वस्तुतः दुवा खरोखर मधला असेल, तर त्याला कोणत्या कप्प्यात ठेवावे याविषयी मतभेद होणारच.

जव्हार-मोखाड्याच्या खडकात असे अवशेष का मिळत नाहीत? लाव्हा वाहिला तेव्हा माणूस पृथ्वीवर नव्हता, आणि नंतरच्या काळातील हाडे येथील मुसळधार पावसात व आम्लधर्मी मातीत सहसा टिकत नाहीत.

आक्षेप ५ : 'हे जीवाश्म बनावट असतात'

इंग्लंडमधील 'पिल्टडाउन मानव' १९१२ साली जाहीर झाला आणि तो लबाडी असल्याचे १९५३ साली सिद्ध झाले. ते सिद्ध केले शास्त्रज्ञांनीच. शिवालिक टेकड्यांतील 'रामापिथेकस' एकेकाळी मानवाचा पूर्वज मानला जाई. अधिक पुरावा मिळाल्यावर तो ओरांगउटानच्या कुळाजवळचा ठरला आणि मानवाच्या वंशावळीतून वगळला गेला. विज्ञान स्वतःची चूक अशी दुरुस्त करते. या कार्यात आपल्या धर्मगुरूंचाही वाटा आहे. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सें येथील प्रसिद्ध निअँडरथल सांगाडा १९०८ साली फादर बुईसोनी बंधू व फादर बार्दों यांनी खणून काढला. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे अगस्तीनियन संन्यासी होते.

आक्षेप ६ : 'उत्क्रांती मानली तर काही जमाती अर्धवट माणसे ठरतात'

या आक्षेपाकडे आपल्या भागात सर्वाधिक लक्ष द्यायला हवे. आदिवासी 'मागे राहिलेले', 'कमी उत्क्रांत' अशी भाषा शिकलेल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येते. ती विज्ञानाची नव्हे, अहंकाराची भाषा आहे. जगातील कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, मुंबईकर आणि युरोपीय या सर्वांच्या मागे उत्क्रांतीचा काळ सारखाच आहे. निअँडरथल मानवाच्या डीएनएचा अल्प अंशदेखील आफ्रिकेबाहेरील बहुतेक सर्व लोकांत आढळतो. परमगुरू पॉल तिसरे यांनी १५३७ साली अमेरिकेतील मूळनिवासी हे खरीखुरी माणसे असून त्यांना गुलाम करता येणार नाही, असे जाहीर केले होते. देवाच्या प्रतिमेत भागीदारी लहानमोठी नसते.

आदाम-एवा आणि आदिपाप

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाची भाषा रूपकात्मक आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी खरोखर घडलेल्या पतनाविषयी तो सांगतो, अशी कॅथोलिक धर्मशिक्षा आहे. ही घटना आणि मानवी उत्क्रांतीचे पुरावे यांची सांगड कशी घालावी, यावर ईशज्ञान अभ्यासकांचे चिंतन चालू आहे. मानवकुळाची एकता, पापाचे वास्तव आणि ख्रिस्ताकडून सर्वांची मुक्ती या तीन गोष्टी मात्र अढळ आहेत.

शिक्षकांना व पालकांना विनंती

मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नये. दहावीच्या परीक्षेत त्याने उत्क्रांतीचे उत्तर निःशंक मनाने लिहावे, त्यात कोणतेही पाप नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच मनाने त्याने निर्माणकर्त्याचे आभारही मानावेत. आणि विज्ञानाच्या नावाने कोणी देव नाही असे म्हणू लागला, तर तो विज्ञानाच्या कक्षेबाहेर बोलत आहे, हेही त्याला सांगावे. सत्य हे सत्याच्या विरोधात जात नाही. खडक ज्याने घडवले, त्यानेच शास्त्राला प्रेरणा दिली आहे.