छत पडायला चौदा तास

गौरी जेवल्या, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या स्वयंपाकघराचं पीओपीचं छत ओट्यावर आलं. मधल्या काळात काय घडलं ते वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या जबानीवरून, त्यांच्या भाच्याच्या मोबाइलवरून आणि प्रसादाला वर गेलो होतो तेव्हा पाहिलं त्यावरून जुळवलं आहे. काकूंना मजकूर मान्य आहे. काका अजून बोलत नाहीत.

दुपारी ४:००. छत पडायला १४ तास.
सणाच्या दिवशी भांडीवाल्या मावशी येत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत घेतलेलं डिशवॉशर नेमकं अशाच दिवसासाठी ठेवलेलं. कटाची आमटी, पडवळाची कढी, पुरणाचा चिकटा, तुपाचे तवंग असं सगळं दोन्ही रॅकमध्ये बसलं. बसली नाही ती पावडर, कारण डबा रिकामा होता. नोकर महागड्या बशांचे टवके उडवतात म्हणून अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन बाईंनी १८८६ साली या यंत्राचं पेटंट घेतलं. ऐन गौरीजेवणाला पावडर संपण्याची सोय त्यांनीही केलेली नाही. भाचा हिंजवडीत इंजिनियर. त्याने सिंकवरची लिक्विड साबणाची बाटली घेतली आणि ‘साबण तो साबण’ म्हणत दोन टोपणं आत ओतली.

संध्याकाळी ५:१५.
हाताने भांडी घासायचा साबण फेस व्हावा म्हणूनच बनवतात. डिशवॉशरची पावडर फेस होऊ नये म्हणून. कारण आत घासणी नसते. पंप तेच ते पाणी फिरत्या पात्यांतून जोरात भांड्यांवर मारत राहतो. त्या पाण्यात फेस झाला की पंप हवाच ओढतो, पात्यांचा जोर जातो आणि फेस वाट शोधतो. ती वाट बहुधा दाराच्या खालच्या कडेला सापडते. काकूंना आधी फरशीवर पांढरी मिशी दिसली, मग पडद्यावर ‘ई १५’.

हा ई १५ म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण त्या घरात रात्रीपर्यंत कुणालाच ते नीट कळलं नाही. यंत्राच्या पोटाखाली एक उथळ ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलचा एक तुकडा. गळून, झिरपून किंवा फेसावाटे ट्रेमध्ये पाणी आलं की तो तुकडा तरंगतो आणि वरचा छोटा स्विच दाबतो. यंत्र नवीन पाणी घेणं थांबवतं आणि आतलं पाणी उपसायला लागतं. म्हणजे हा आकडा दिसतो तेव्हा यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं.

६:००. १२ तास.
काकांनी बटण बंद केलं. घरघर चालूच. पुन्हा दाबलं, तरी चालूच. ट्रेमध्ये पाणी असेपर्यंत हा उपसा पंप बटणाला जुमानत नाही, तशीच रचना आहे. काकांनी मात्र तो अपमान मानून सोळा अँपियरच्या पॉइंटमधून प्लगच ओढला. रागाने केलेली गोष्ट बरोबर निघाली, असं त्या दिवशी एवढं एकदाच झालं.

कस्टमर केअरच्या मुलीने तीन गोष्टी सांगितल्या: प्लग काढून ठेवा, पाण्याचा नळ बंद करा, मशीन हलवू नका. माणूस परवा येईल. प्लग निघालेलाच होता. नळ, म्हणजे अँगल कॉक, सिंकखालच्या कपाटात अगदी मागे, गुळाची ढेप, तांब्याचा हंडा आणि गेल्या दिवाळीच्या पणत्यांच्या पलीकडे. ‘आता सणासुदीचं ते कोण उपसणार?’ काकू म्हणाल्या. तिसरी सूचना कुणाच्या लक्षात राहिली नाही.

८:३०. साडेनऊ तास.
मी वर पोहोचलो तेव्हा भाचा व्हिडिओ लावून बसला होता. मशीन मागे कलवायचं, ट्रेमधलं पाणी ओघळून जातं आणि ई १५ जातो. यात खोटं काहीच नाही. फक्त पाणी आलं कुठून, हा प्रश्न त्यात नसतो.

काका एका बाजूला, भाचा दुसऱ्या. पन्नास किलोच्या आसपासचं ते धूड ओट्याखालून दोन हात पुढे आलं. मागची राखाडी नळी ताणली गेली, कपाटातला हंडा आपोआप किणकिणला. मला ते ऐकू आलं, भाच्यालाही आलं असावं. मशीन कललं, फेसाळ पाणी फरशीवर आलं, काकूंनी जुनं धोतर टाकलं. प्लग लावला. आकडा गायब. टाळ्या.

‘बघ मामा, सर्व्हिसवाल्याने यायचे पाचशे लावले असते.’

९:१५.
मशीन गुडघ्याने आत लोटलं. कपाटाचं दार उघडून बघण्यासारखं कुणाला काही वाटलं नाही.

आता ज्यासाठी हा खटाटोप लिहायला घेतला ती गोष्ट. नळी ताणली गेली तेव्हा अँगल कॉकवरचं प्लास्टिकचं नट थोडं फिरलं आणि आतला रबरी वायसर तिरका बसला. तिथून पाण्याची बारीक धार लागली. गळती रोखणारी जेवढी यंत्रणा आहे, मग तो थर्माकोलचा तुकडा असो की नळीच्या तोंडाशी पाणी तोडणारा झडपेचा डबा, ती सगळी या आट्यांच्या पुढे सुरू होते. पहारेकरी ओसरीवर जागा आणि चोर फाटकाबाहेर, अशी गत. मशीन बंद होतं, प्लग पुन्हा काढलेला होता, तरी गच्चीवरच्या टाकीचा दाब त्या आट्यांवर रात्रभर होताच. संध्याकाळी सहाला तो कॉक फिरवला असता तर मशीन कसंही ओढलं असतं तरी चाललं असतं.

रात्री ११:००. ७ तास.
वर सामसूम. गौरींपुढे समई.

मिनिटाला फुलपात्रभर पाणी म्हणजे फार नाही, पण रात्रभरात पाच-सहा बादल्या होतात. हे पाणी बाहेर येत नाही. ट्रॉल्यांच्या खालच्या पट्टीमागे साचतं आणि टाइल्सच्या सांध्यांतून उतरतं. बिल्डर वॉटरप्रूफिंग करतात ते न्हाणीघराचं, संडासाचं आणि गच्चीचं. स्वयंपाकघर ‘कोरडं’ धरलेलं असतं, बऱ्याच फ्लॅटमध्ये तिथे पाणी जायला जाळीसुद्धा नसते. मग पाण्याला स्लॅबमधली वायरिंगची नळी सापडते. ती नळी जिथे उघडी पडते ती जागा म्हणजे खालच्या घराचा दिव्याचा पॉइंट.

पहाटे ५:१०. ५० मिनिटं.
आमचा ईएलसीबी ट्रिप झाला. आई चहाला उठली होती. तिने तो वर केला, तो पुन्हा पडला. ‘वायरमनला बोलाव रे,’ तिने हाक मारली. मी टॉर्च घेऊन गेलो तर छताला मधोमध पोट सुटलेलं आणि दिव्याच्या कडेने थेंब ओट्यावर पडत होते. आईला बाहेर काढलं, मेन स्विच बंद केला आणि वर धावलो. बेल वाजेना. त्यांचंही मेन पडलं की काय वाटलं. पण नाही, पाहुण्यांची लहान मुलं झोपली म्हणून काकांनी बेलच बंद करून ठेवलेली. दार बडवलं.

‘कोण मेलं?’ आतून काका.

‘काका, सिंकखालचा नळ बंद करा!’

गूळ निघाला, हंडा निघाला, पणत्या निघाल्या. कॉक कित्येक वर्षांत फिरलेला नव्हता, तो जाम. शेवटी भाच्याने गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला.

६:००.
खाली धाडकन आवाज झाला. उरलेल्या पुरणपोळ्या, मिक्सर आणि आईचा चहा यांच्यावर ओलं पीओपी. कुणाला लागलं नाही.

परवा ठरल्याप्रमाणे कंपनीचा माणूस आला. आतला साबण धुऊन काढला, ट्रे पुसला, रिकामं मशीन चालवून पाहिलं आणि कागदावर लिहून दिलं: मशीनमध्ये दोष नाही. दहा रुपयांचा वायसर त्याने फुकट बदलला. पीओपीचा खर्च काकांनी न बोलता दिला.

तुमच्याकडे डिशवॉशर असो, वॉशिंग मशीन असो की पाणी शुद्ध करायचं यंत्र, त्याचा अँगल कॉक कुठे आहे ते आज बघून ठेवा, त्याच्या पुढचा पसारा काढा आणि महिन्यातून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जाम असेल तर प्लंबरला सणाच्या आधी बोलवा.