पेटी पहिल्यापासून कुणाची?



आमच्या गटाच्या बैठकीत एकदा बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते वहीत चढले आणि मग एकीनं विषय काढला, देवळातल्या जुन्या पेटीचा. भाता उंदरांनी कुरतडलेला, पट्ट्या दाबल्या तरी आवाज नाही. बायकांच्या भजनी मंडळाला ती दुरुस्त करून हवी होती. कारण सप्ताहात आमच्या भजनाची वेळ आली की दर वेळी पेटीवाले शोधत फिरावं लागायचं. ते आले नाहीत तर आम्ही नुसत्या टाळावर गायचं. गावातल्या एका जाणत्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाईच्या हातात टाळ शोभतो. पेटी पहिल्यापासून पुरुषांचीच."

ते 'पहिल्यापासून' माझ्या डोक्यात बसलं. पहिल्यापासून म्हणजे नेमकं कधीपासून? म्हणून पेटीचं मूळ शोधत गेले. ते निघालं थेट युरोपातल्या चर्चमध्ये.

तिथं पाइप ऑर्गन नावाचं भलंमोठं वाद्य असतं. भिंतभर उभ्या नळ्या, काही शिशा-कथलाच्या, काही लाकडाच्या. प्रत्येक नळी म्हणजे एक बासरीच समजा. लांब नळीचा आवाज खर्जातला, आखूड नळीचा बारीक. खाली भात्यातून हवा येते. वादकानं पट्टी दाबली की तिला जोडलेली लाकडी काडी ओढली जाते, नळीखालची झडप उघडते आणि सूर निघतो. जुन्या ऑर्गनमध्ये बोटापासून झडपेपर्यंत सगळं काड्या-तारांनीच जोडलेलं, वीज कुठेच नाही. जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात चर्चमधलं गाणं सामान्य माणसाच्या बोलीत आणलं. पुढं त्या ल्यूथरपंथी चर्चमध्ये सगळ्यांच्या गाण्याला ऑर्गनची साथ मिळू लागली. १७५० मध्ये वारलेले प्रसिद्ध संगीतकार बाख अशाच चर्चचे ऑर्गनवादक होते. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे.

एक गोष्ट मला फार लागली. विजेचे पंखे येण्याआधी या ऑर्गनचा भाता माणसं चालवायची, कुणी पायानं तुडवून, कुणी दांडा ओढून. ती ऑर्गनच्या मागं किंवा आडबाजूला असायची. वादकाचं नाव इतिहासात राहिलं, हवा भरणाऱ्याचं क्वचितच कुठं सापडतं. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

एवढं मोठं वाद्य प्रत्येक गावाला कुठून परवडणार? १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. नळ्यांच्या जागी पितळेच्या छोट्या पट्ट्या. एक टोक घट्ट बसवलेलं, दुसरं मोकळं. हवा गेली की ते मोकळं टोक थरथरतं आणि सूर वाजतो. भाता पायानं मारायचा. हीच आपली पायपेटी. वजनानं हलकी आणि किमतीनं स्वस्त, म्हणून मिशनऱ्यांबरोबर अशी लहान वाद्यं जगभर फिरली.

आपल्या जुन्नरहून आळेफाटा आणि आणे घाट ओलांडून पुढं गेलं की नगर. तिथं १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंकडे सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे घेतले, असं सांगतात. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक पुढं नगरलाच राहिले. त्यांनी चर्चसाठी अभंग आणि ओव्यांच्या घाटाची मराठी गीतं लिहिली. वाद्य चर्चमधून आपल्याकडं आलं आणि आपल्या अभंगाची चाल चर्चमध्ये गेली.

मग कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांनी हार्मोनियम आपल्या बैठकीला साजेसा केला. १८७५ च्या सुमारास त्यांच्या दुकानातून हातानं भाता मारायची पेटी निघाली. मांडी घालून बसायचं, एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं सूर. खुर्ची नको, पाय नकोत. म्हणून ती देवळात, तमाशाच्या फडात, कीर्तनात सहज शिरली. आपल्या नाटकवाल्यांनी मात्र पायपेटीही सोडली नाही. बालगंधर्वांच्या गाण्याला ऑर्गनची साथ असायची आणि नाट्यसंगीत म्हटलं की आजही मागं ऑर्गनचा भरदार सूर लागतो.

पेटीला विरोधही झाला. तिच्यावर मींड काढता येत नाही, तिचे बारा सूर ठरलेले, त्यांच्यामधल्या श्रुती तिच्यात नाहीत, अशी गवयांची तक्रार होती. ती अगदीच खोटी नव्हती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर श्रुतींची वेगळी पेटी करण्यासाठी खटपट केली. आणि १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनं पेटीला चक्क बंदी घातली! रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. ज्या रेडिओवरून मी आज पेटीबद्दल बोलते आहे, त्याच रेडिओला ती तीस वर्षं चालत नव्हती.

आता सांगा, पेटी पहिल्यापासून कुणाची? ती फ्रान्सची, मग मिशनऱ्यांची, मग कलकत्त्याची, मग नाटकवाल्यांची. वारकऱ्यांच्या भजनात आधी वीणा, टाळ, मृदंग. पेटी नंतर आली. आजवर जिचे इतके मालक झाले, तिला आणखी एक मालकीण जड होणार नाही.

आम्ही बिदागीचे पैसे साठवले आणि पेटी पुण्याला कारागिराकडे नेली. त्यानं खोलून दाखवली. आतले पितळी सूर जवळजवळ सगळे शाबूत होते. गेलं होतं ते कातडं, कापड आणि भात्याची शिवण. चर्चच्या जुन्या ऑर्गनचंही असंच असतं म्हणे. नळ्या शतकानुशतकं टिकतात, कातडं आधी जातं आणि मग हवा निसटते. सूर मेलेला नसतो, त्याच्यापर्यंत हवा पोचत नसते.

पेटी परत आली. आमच्यातली एक मैत्रीण रोज संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर तासभर बसू लागली. पहिले दोन महिने नुसतं सा रे ग म. घरचे वैतागले, ती थांबली नाही. यंदाच्या सप्ताहात तिनं काळी चार धरली आणि आम्ही पहिला अभंग उचलला. ते जाणते पुढच्याच रांगेत बसले होते. दुसऱ्या अभंगाला त्यांनी हातात टाळ घेतले.

तुमच्या गावच्या देवळातही अशी एखादी पेटी पडून असेल. एकदा उघडून बघा. आतले सूर बहुतेक जागेवरच असतील.